मुलांबरोबर घरी स्लाईम करताना : टाकणखाराचे माप, घ्यायची काळजी आणि लहानांसाठी पर्याय

माहुली_संगम (सातारा) :

सुट्टी लागली की आठ-दहा वर्षांची मुले घरी स्लाईम करण्याचा हट्ट धरतात. काही घरांत ‘त्यात रसायन असते’ एवढे सांगून विषय मिटवला जातो, तर काही घरांत फेविकॉलची बाटली आणि टाकणखाराची (बोरॅक्सची) पुडी मुलांच्या हाती देऊन मोठी माणसे आपापल्या कामाला लागतात. मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि माझी मुलेही याच वयाची आहेत. स्लाईम मुलांबरोबर जरूर करावा, मात्र त्यातला टाकणखार मोठ्यांच्याच हातात राहावा आणि त्याचे माप आधी ठरलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. त्या मापाबद्दल आपल्या भागातल्या पालकांशी सविस्तर बोलता यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

मी वापरते ते प्रमाण असे. १०० मिली पांढरा गोंद (फेविकॉल एमआर किंवा तशाच प्रकारचा पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल जातीचा, गोंद) एका जुन्या प्लास्टिकच्या भांड्यात घ्यावा आणि त्यात तेवढेच कोमट पाणी थोडे थोडे घालून गुठळी राहणार नाही असे ढवळावे. खाण्याचा रंग घालायचा असेल तर याच वेळी घालावा. दुसऱ्या भांड्यात २५० मिली कोमट पाण्यात ४ ग्रॅम टाकणखार, म्हणजे सपाट भरलेला साधारण एक चहाचा चमचा, पूर्ण विरघळवावा आणि तळाशी कण राहिले तर द्रावण फडक्यातून गाळून घ्यावे. हे द्रावण गोंदात एकदम ओतू नये. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, घालून नीट ढवळावे, मग दुसरा घालावा आणि लगदा आळून आला की चमचा बाजूला ठेवून हाताने मळायला घ्यावा. सुरुवातीला तो हाताला चिकटतो आणि नेमका तेव्हाच आणखी द्रावण घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मळत गेल्यावर चिकटपणा पुष्कळ कमी होतो, आणि द्रावण जास्त पडले तर स्लाईम ताठर होऊन त्याचे तुकडे पडू लागतात.

यात नेमके काय घडते हे मुलांना सांगायलाच हवे, नाहीतर निम्मा आनंद वाया जातो. पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल जातीच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. टाकणखार पाण्यात विरघळला की बोरेट आयन, म्हणजे विद्युतभारित कण, तयार होतात आणि ते शेजारशेजारच्या साखळ्यांना धरून एकमेकींशी बांधतात. सुटा ऊस वाढ्याने बांधला की त्याची मोळी होते, तसेच हे आहे; मात्र हे बंध पक्के नसून ते सतत सुटतात आणि पुन्हा दुसरीकडे जुळतात. स्लाईम हळू ओढला तर बंधांना सुटून जुळायला अवधी मिळतो आणि तो लांबत जातो. झटक्याने ओढला तर तो अवधी मिळत नाही आणि तो तटकन तुटतो. दहावीच्या पुस्तकात बहुवारिके, म्हणजे अशा लांब साखळ्यांचे पदार्थ, येतात, तेव्हा ज्या मुलांनी लहानपणी हे हाताने अनुभवलेले असते त्यांना तो भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माझे नियम थोडे आहेत. कोरडी टाकणखाराची पूड मुलांनी हाताळायची नाही, द्रावण मोठ्यांनी चमच्याने घालायचे, जेवणाची भांडी वापरायची नाहीत, हाताला जखम किंवा खरचटलेले असेल तर त्या दिवशी मळायचे नाही आणि खेळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना मी हा स्लाईम देतच नाही. आपण सर्वजण काय प्रमाण वापरता, साहित्य कोठून घेता आणि लहानांसाठी काय करता, हे वाचायला मला आवडेल.

गणपतीपेठ (सांगली) :

ताई, विषय उत्तम मांडला आहे. आमचे सांगलीत स्टेशनरीचे दुकान आहे आणि सुट्टीच्या दिवसांत या साहित्याची विचारणा रोज होते, म्हणून दुकानदाराच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

गोंद घेताना मुलांच्या हस्तकलेचाच पांढरा गोंद घ्यावा. सुतारकामासाठीचा गोंद जास्त दाट असतो आणि त्यात पाण्याचे प्रमाण सांभाळणे अवघड जाते. कागद चिकटवण्याचा प्रत्येक पारदर्शक गोंद पीव्हीए असतो असेही नाही. काही डिंकाचे किंवा पिष्टाचे असतात. पारदर्शक स्लाईम हवा असेल तर वेष्टनावर पीव्हीए किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असा उल्लेख आहे का, ते आधी पाहावे.

दुसरी गोष्ट तयार स्लाईमच्या डब्यांची. केंद्र सरकारच्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेत किंवा गाड्यावर सुट्या मिळणाऱ्या रंगीत डब्यांवर ते चिन्ह, उत्पादकाचे नाव आणि वयाची मर्यादा यांपैकी काहीच छापलेले नसेल, तर तो डबा घेऊ नये असे मी गिऱ्हाईकांना स्पष्ट सांगतो. असा डबा घेण्यापेक्षा ताईंनी सांगितल्याप्रमाणे घरी केलेला स्लाईम मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात काय आणि किती घातले हे निदान आपल्याला माहीत असते.

वाईची_आजी :

तुम्ही सर्व शिकलेली माणसे आहात, म्हणून नम्रपणे विचारते. टाकणखार आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होता. तव्यावर भाजून त्याची लाही करायची, ती मधात कालवायची आणि बाळाचे तोंड आले की बोटाने आतून लावायची, ही आमच्या सासूबाईंची रीत होती. जे बाळाच्या तोंडात चालत होते, ते नऊ वर्षांच्या नातवाच्या हातात का चालू नये, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. नातू स्लाईमसाठी मागे लागला आहे आणि सूनबाई घाबरतात, अशी आमच्याकडे सध्या स्थिती आहे.

त्वचारोग (मिरज) :

आजी, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग तुमच्या जुन्या रीतीबद्दल. बाळाच्या तोंडात टाकणखार लावणे आता पूर्ण बंद करावे. परदेशांतही चोखणी टाकणखार-मधात बुडवून बाळांना देण्याची पद्धत होती आणि त्यातून बाळांना झटके आल्याच्या नोंदी १९७० आणि १९८० च्या दशकांतील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. टाकणखार पोटात गेला की तो लवकर शोषला जातो आणि मूत्रपिंडांवाटे हळूहळू बाहेर पडतो. त्यामुळे रोज थोडा थोडा दिला तर तो शरीरात साठत जातो आणि बाळाच्या लहान वजनाला ते प्रमाण मोठे ठरते. शिवाय एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

दुसरा भाग तुमच्या नातवाबद्दल, आणि तो दिलासा देणारा आहे. न खरचटलेल्या त्वचेतून टाकणखारातले बोरॉन हे मूलद्रव्य फारच थोडे आत जाते. नऊ वर्षांचा समजूतदार मुलगा, पातळ द्रावण, मर्यादित वेळ आणि नंतर धुतलेले हात, एवढे जमत असेल तर मी माझ्या रुग्णांच्या पालकांना नाही म्हणत नाही. जिथे त्वचा फाटलेली असते तिथे मात्र हे गणित बदलते. ज्या मुलांना इसब आहे, ज्यांचे हात हिवाळ्यात उलतात, ज्यांना नखे कुरतडण्याची किंवा अंगठा चोखण्याची सवय आहे, त्यांना टाकणखाराचा स्लाईम देऊ नये. टाकणखाराचे द्रावण अल्कधर्मी असते, त्याचा सामू (पीएच) साधारण ९.२ असतो, आणि तासन् तास हाताळल्याने त्वचा कोरडी पडून खाज सुटू शकते. बोटांच्या बेचक्यांत लाली किंवा बारीक पुरळ दिसले तर खेळ थांबवून हात साध्या पाण्याने भरपूर धुवावेत आणि खोबरेल तेल लावावे. दोन दिवसांत उतरले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यात द्रावण उडाले तर डोळा न चोळता वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे धरावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

वाईची_आजी :

डॉक्टरसाहेब, समजले. सूनबाईंना वाचून दाखवले. लाहीची बरणी आज घरातून बाहेर काढत आहे.

गलाई_विटा :

आजींनी लाहीचा उल्लेख केला, त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे पुष्कळांची गफलत होण्यासारखी आहे. आमच्या खानापूर तालुक्यातील आणि शेजारच्या आटपाडीतील अनेक घरे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात आहेत आणि देशभर विखुरलेली आहेत. सोने वितळवताना मुशीत टाकणखार घालतात, तो अशुद्ध भाग स्वतःत विरघळवून घेऊन वर तरंगतो. त्यामुळे टाकणखार आमच्याकडे किलोच्या हिशोबाने येतो आणि आमच्या भागातील मुलांना तो सहज हाताशी लागतो.

बाजारात मिळणारा खडा किंवा स्फटिकांची पूड हा पाणी धरून असलेला टाकणखार असतो. त्याच्या वजनात जवळजवळ ४७ टक्के पाणीच असते. भाजून फुलवलेल्या लाहीत ते पाणी उडालेले असते, म्हणून वजनाला वजन धरले तर लाही जवळजवळ दुप्पट तीव्र पडते. ताईंनी सांगितलेले ४ ग्रॅमचे माप स्फटिकांच्या पुडीचे आहे, ते लाहीला लावू नये. लाही फुगलेली आणि हलकी असल्यामुळे चमच्याने मोजली तर अंदाज आणखी चुकतो, म्हणून ती वापरूच नये, हे सर्वांत बरे. सोनाराच्या किंवा गलाईच्या जागेवरची पुडी तर मुलांच्या खेळासाठी कधीच घेऊ नये, कारण तिच्यात धातूंचे कण आणि इतर क्षार मिसळलेले असण्याची शक्यता असते.

द्राक्षबाग_तासगाव :

विट्याच्या दादांनी जे सांगितले तेच आमच्या बागायती भागातील घरांना लागू आहे. द्राक्षबागेसाठी फवारणीचे बोरॉन आम्ही आणतो, त्या पाकिटावर ‘बोरॉन २० टक्के’ असे लिहिलेले असते आणि ते पाण्यात चटकन विरघळते. बोरॉन म्हणजेच टाकणखार असे समजून आमच्या वस्तीवरील मोठ्या वर्गातील मुले त्याचा स्लाईम करण्याच्या विचारात होती, म्हणून विचारतो : हे वापरणे योग्य आहे का?

माहुली_संगम :

दादा, अजिबात योग्य नाही, आणि तुम्ही हे विचारलेत याबद्दल मनापासून आभार. शेतीच्या खतांची आणि औषधांची पाकिटे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात असावीत, हा नियम बोरॉनच्या पाकिटालाही लागू आहे.

चार पदार्थांची तुलना इथे करून ठेवते. स्फटिकांच्या टाकणखारात वजनाने सुमारे ११.३ टक्के बोरॉन असते. कॅरमच्या बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर, म्हणजे बोरिक आम्ल, तिच्यात सुमारे १७.५ टक्के असते. फवारणीच्या पाकिटात तुम्ही लिहिले त्याप्रमाणे २० टक्के, आणि पूर्ण भाजलेल्या लाहीत २१ टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणजे वजन तेवढेच ठेवून नुसता पदार्थ बदलला, तरी मुलाच्या हातात येणारे बोरॉन दीडपट ते दुप्पट होऊ शकते. कॅरमची पावडर आपल्याकडे घरोघरी असते आणि तिला कोणी रसायन समजत नाही, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम केला. नुसत्या बोरिक पावडरीने स्लाईम नीट आळतही नाही, कारण साखळ्या बांधणारा बोरेट आयन अल्कधर्मी द्रावणातच पुरेसा तयार होतो. त्यासाठी खाण्याचा सोडा घालावा लागतो.

आता मी मापाबद्दल एवढा आग्रह का धरते ते सांगते. युरोपीय संघाच्या खेळण्यांविषयीच्या नियमांत द्रव किंवा चिकट खेळण्यातून सुटणाऱ्या बोरॉनची मर्यादा एका किलोला ३०० मिलिग्रॅम अशी आहे. माझ्या मापाच्या द्रावणात दर मिलिलिटरला १६ मिलिग्रॅम टाकणखार असतो. त्याचे दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, घातले तर ४८० मिलिग्रॅम टाकणखार, आणि त्यात सुमारे ५४ मिलिग्रॅम बोरॉन गेले. तयार स्लाईमचे वजन २३० ग्रॅमच्या आसपास धरले, तर किलोला साधारण २३५ मिलिग्रॅम पडले. हेच द्रावण चार मोठे चमचे घातले तर आकडा ४०० च्या पुढे जातो. यातील सगळे बोरॉन सुटते असे धरून हा हिशोब केला आहे, म्हणजे तो सावधगिरीच्या बाजूचा आहे. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : दोन चमच्यांवर थांबणारे घर मर्यादेच्या आत राहते आणि ‘अजून थोडे, अजून थोडे’ करणारे घर ती सहज ओलांडते. दोन चमच्यांत झालेला स्लाईम सैलसर, ओघळणारा होतो. तो अधिक घट्ट हवा असेल, तर पुढच्या वेळी गोंदात घालायचे पाणी थोडेसेच कमी करावे. द्रावण वाढवू नये.

कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१६ साली याहून कडक भूमिका घेतली आणि मुलांच्या घरगुती हस्तकलेत बोरिक आम्ल वापरणे टाळावे असे पालकांना सांगितले. स्लाईमचा उल्लेख त्यात होता. अन्नातून आणि पाण्यातून बोरॉन आपल्या पोटात आधीच जात असते, त्यात विनाकारण भर नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या पालकांना तो पटतो त्यांनी टाकणखार वगळावा. त्यांच्याशी माझा वाद नाही.

शाहूपुरी (सातारा) :

माझ्या मुलीने ‘बोरॅक्स-मुक्त’ स्लाईमची कृती पाहिली आहे. त्यात गोंदात खाण्याचा सोडा घालून वर कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचे द्रावण टाकतात. चष्म्याच्या दुकानात ते मिळते, पण महाग आहे. ते टाकणखारापेक्षा खरोखर सुरक्षित आहे का? आणखी एक अडचण अशी, की आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे आणि खाली सतरंजी अंथरलेली असते. स्लाईम सांडला तर तो काढायचा कसा?

माहुली_संगम :

या ‘बोरॅक्स-मुक्त’ शब्दाने पालकांची दिशाभूल होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. लेन्सच्या ज्या द्रावणाने स्लाईम आळतो, त्यात बोरिक आम्ल किंवा सोडियम बोरेट असतेच. ते नसेल तर स्लाईम होणारच नाही. खाण्याचा सोडा त्याला अल्कधर्मी करतो आणि मग तोच बोरेट आयन तेच काम करतो. या द्रावणात त्याचे प्रमाण पातळ असते आणि कोरडी पूड हाताळावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो मला मान्य आहे. मात्र ‘यात काहीच नाही’ असे समजून मुलांना मोकळे सोडू नये. कपडे धुण्याचे द्रव घालूनही काही जण स्लाईम करतात. ते तासभर हातात घोळवण्यासाठी बनवलेलेच नसते, त्यामुळे मी तो मार्ग सुचवत नाही.

सतरंजीचे उत्तर सोपे आहे आणि ते वरच्याच रसायनशास्त्रातून निघते. आम्लात बोरेटचे रूपांतर बोरिक आम्लात होते, साखळ्यांचे बंध सुटतात आणि स्लाईम पुन्हा पातळ गोंद होतो. पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस डागावर ओतून काही मिनिटे मुरू द्यावा, मग कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासावे. आधी कोपऱ्यात रंग जातो का ते पाहून घ्यावे. केसांत अडकला तर मात्र व्हिनेगरपेक्षा खोबरेल तेल चोळून हळूहळू ओढून काढणे बरे.

शहाबादी फरशीवर मात्र व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही वर्ज्य समजावेत. तो चुनखडीचा दगड आहे. आम्लाने तो झिजतो आणि कायमचा पांढुरका डाग राहतो. संगमरवराचेही तसेच. तिथे स्लाईम वाळू द्यावा, बोथट पट्टीने खरवडावा आणि राहिलेला भाग गरम पाण्याच्या फडक्याने पुसावा. सर्वांत चांगले म्हणजे, मोठ्या ताटात किंवा जुन्या फ्लेक्सच्या तुकड्यावरच हा खेळ मांडावा.

विश्रामबाग (सांगली) :

रंगाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आमच्या सांगलीच्या हळदीशी जोडलेली आहे. मुलांना खाण्याच्या रंगाऐवजी घरची हळद वापरू दिली होती. गोंद-पाण्यात ती छान पिवळी दिसली आणि टाकणखाराचे द्रावण पडताच तांबूस, जवळजवळ विटकरी झाली. मुलांना स्लाईमपेक्षा या रंगबदलाचेच अप्रूप अधिक वाटले. याचे कारण त्यांना नीट सांगता यावे, म्हणून विचारत आहे.

माहुली_संगम :

हळदीतील कर्क्युमिन हा रंगद्रव्याचा रेणू आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा असतो आणि अल्कधर्मी द्रावणात तांबडा होतो. टाकणखाराचे द्रावण अल्कधर्मी आहे, म्हणून हा बदल होतो. हळद लागलेला कपडा साबणाने धुतला की डाग लाल दिसतो, त्यामागचे कारणही हेच. आपल्याकडे पारंपरिक कुंकूसुद्धा हळकुंडांवर टाकणखार आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया करूनच बनवत असत. मुलांना पुढची पायरी करायला द्या : तांबूस झालेल्या स्लाईमचा लहानसा तुकडा वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळायला सांगा. रंग पिवळसर होऊ लागतो आणि त्याच वेळी स्लाईम पातळही होऊ लागतो. सामू बदलल्याचे दोन परिणाम एकाच वाटीत दिसतात. हळदीचा डाग मात्र हाताला आणि कपड्यांना लागतो, तेवढे ध्यानात ठेवावे.

कराड_प्रीतिसंगम :

माझा मुलगा चार वर्षांचा आहे आणि त्याची ताई दहा वर्षांची. ती स्लाईम करते तेव्हा त्यालाही हवा असतो आणि तो प्रत्येक वस्तू तोंडात घालतो. त्याच्यासाठी कोणता प्रकार करावा?

वाईची_आजी :

बाळा, त्याला कणकेचा गोळा दे. त्यात मीठ आणि चमचाभर तेल घातले की दोन दिवस मऊ राहतो. मीठ भरपूर घाल, म्हणजे चव घेऊन पुन्हा तोंडात घालणार नाही.

त्वचारोग (मिरज) :

आजींच्या सूचनेत एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. फार खारट कणीक लहान मुलाने मोठ्या प्रमाणात गिळली तर शरीरातील मिठाचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. ज्या मुलाला तोंडात घालण्याची सवय आहे, त्याच्यासाठी मिठाशिवायचीच कणीक घ्यावी आणि ती रोज ताजी मळावी.

माहुली_संगम :

चार वर्षांच्या मुलासाठी दोन प्रकार सांगते, दोन्ही स्वयंपाकघरातील साहित्याचे.

पहिला कॉर्नफ्लोअरचा. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी हळूहळू घालून बोटांनी कालवावे. हे मिश्रण हळू हाताळले तर ओघळते आणि त्यावर मूठ आपटली तर क्षणभर घट्ट होते. यात साखळ्यांचे बंध नसतात. पिष्टाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि अचानक दाब आला की त्यांच्यामधले पाणी बाजूला सरून कण एकमेकांत अडकून बसतात. दाब गेला की पुन्हा मोकळे होतात. ताईने स्लाईम ओढून पाहावा आणि भावाने या मिश्रणावर थापट्या माराव्यात, म्हणजे दोघांनाही दोन वेगळे पदार्थ एकाच वेळी पाहायला मिळतात.

दुसरा इसबगोलाचा, आणि तो खऱ्या स्लाईमच्या अधिक जवळचा आहे. एक चहाचा चमचा इसबगोल एक कप पाण्यात मिसळून मंद आचेवर सतत ढवळत आटवावा. उकळ्या येत जातील तसे मिश्रण दाट, लवचीक आणि चकचकीत होते. पूर्ण थंड झाल्यावरच मुलाच्या हाती द्यावे, कारण असा दाट पदार्थ आतून बराच वेळ गरम राहतो. कोरडा इसबगोल मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये. तो घशात फुगून अडकू शकतो. तयार झालेला लगदाही खाण्यासाठी नाही, चुकून जिभेला लागला तर घाबरण्याचे कारण नाही एवढाच त्याचा अर्थ. हे दोन्ही पदार्थ लवकर आंबतात, म्हणून दुसऱ्या दिवशी टाकून द्यावेत.

वनस्पतीपासून स्लाईम ही कल्पना नवी नाही. मॅटेल या अमेरिकी कंपनीने १९७६ साली डब्यातला हिरवा स्लाईम बाजारात आणला, तेव्हा त्यातील मुख्य घटक गवारीच्या बियांपासून काढलेला गम होता, पांढरा गोंद नव्हे. त्याला आळवायला मात्र टाकणखारच वापरला होता.

गणपतीपेठ (सांगली) :

उरलेला स्लाईम कसा ठेवायचा आणि टाकायचा, हे गिऱ्हाईक नेहमी विचारतात. मी त्यांना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगतो, आणि वास बदलला, ठिपके दिसले किंवा धूळ-केस चिकटून तो मळका झाला की टाकून द्यायला सांगतो. यात काही भर घालायची आहे का?

माहुली_संगम :

भर एवढीच, की तो मोरीत किंवा शौचालयात टाकू नये. नळीच्या वळणात बसून पाणी तुंबवतो. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. उरलेले टाकणखाराचे द्रावण कुंडीत किंवा परसातल्या झाडांना घालू नये, कारण झाडांना बोरॉन अगदी अल्प प्रमाणात लागते आणि थोडे जास्त झाले तरी पानांच्या कडा करपतात. तासगावच्या दादांना हे माझ्याहून चांगले माहीत असेल. ते भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यावे. साठवून ठेवलेच, तर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये, आणि डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. माझ्या घरी मी ते उरवतच नाही : २५ मिली पाण्याला ०.४ ग्रॅम टाकणखार अशा हिशोबाने, स्वयंपाकघरातील काट्यावर एवढे थोडे वजन नीट होत नाही म्हणून, चहाच्या सपाट चमच्याचा दहावा भाग घेते आणि लागेल तेवढेच द्रावण करते.

द्राक्षबाग_तासगाव :

पानांच्या कडांबद्दल ताई म्हणतात ते खरे आहे. फवारणीचे प्रमाण चुकले की वेलीवर आधी तेच दिसते. पाकिटे कपाटात कुलूपबंद केली आहेत आणि वस्तीवरील मुलांसाठी रविवारी कॉर्नफ्लोअरचा प्रकार मोठ्या परातीत करणार आहोत. दहा-बारा मुलांसाठी किती कॉर्नफ्लोअर आणावे?

माहुली_संगम :

दोन किलो पुरे होईल, दादा. त्याला साधारण दीड लिटर पाणी लागेल, पण सगळे एकदम ओतू नका. लिटरभर घालून कालवा आणि मग वाटीवाटीने वाढवत जा. मूठ आपटल्यावर परातीतून पाणी उडत असेल तर थोडे पीठ घाला, आणि मिश्रण ओघळतच नसेल तर पाणी. कालवताना तळाशी पीठ घट्ट बसते, ते मधूनमधून हाताने उचलून वर आणावे लागते. झाल्यावर परात धुताना ते पाणी मोरीत न सोडता अंगणातल्या मातीत ओतले तरी चालेल, यात टाकणखार नाही.